बाईंचा स्कॉटी आणि माझा जळफळाट

आधीच सांगून ठेवतो, मी जळका माणूस. शेजाऱ्याच्या माडाला दोन नारळ जास्त लागले तर मला जेवण गोड लागत नाही असं आमची मंडळी म्हणते, आणि ते खोटं नाही. नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून अंकवाल्यांनी गळ घातली, तेव्हा त्यांना वाटलं असणार, हा म्हातारा गाई-म्हशींच्या गमती सांगेल. त्या आहेतच. पण बत्तीस वर्षांत मला जे एक टोचून राहिलंय ते गाईचं नाही नि म्हशीचंही नाही. ते एका काळ्या, आखूड पायांच्या, दाढीवाल्या कुत्र्याचं आहे. तेच लिहितो. वाचून मला शिव्या घातल्यात तरी चालेल, मी स्वतःला पुष्कळ घालून झालोय.

मी गोव्यात डिचोलीला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात स्टॉकमन होतो. स्टॉकमन म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर पदवीवाला असतो, खुर्चीत बसतो, औषध लिहितो. स्टॉकमन ते औषध पाजतो, सुई टोचतो, गाय गाभण राहावी म्हणून भरवतो, अडलेलं वासरू ओढून काढतो आणि संध्याकाळी घरी गेल्यावर बायको त्याला आधी विहिरीवर धाडते. पण गावात विचारा, डॉक्टरचं नाव कुणाला ठाऊक नसायचं. "गोरवांचो दोतोर", गुरांचा डॉक्टर, म्हणजे मी, विश्राम परब, मूळ पेडण्याच्या बाजूचा. पाळी गावात खाणीच्या चिखलात म्हैस रुतली की ट्रकवाला मला बोलवायला यायचा. गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी मान पोटाशी घेऊन पडली, तर मी कॅल्शियमची बाटली मानेच्या शिरेतून सोडायचो आणि बाटली संपायच्या आत गाय उठून उभी राहायची. घरच्या बायका मला हात जोडायच्या. ही सगळी कमाई माझी. कुठल्या कॉलेजची नव्हे.

त्यात डॉक्टर लोटलीकर आले.

मडगावचे. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. अंगावर इस्त्रीचा शर्ट, खिशात थर्मामीटर, स्कूटरच्या डिकीत कुत्र्यांवरची जाडजूड पुस्तकं. मी म्हटलं, बघू या, हा म्हशीच्या मागं उभा राहिला की कळेल. उभे राहिले हो! म्हशीनं शेपटी मारली, शर्टावर शेणाचा पट्टा उठला, आणि हा मनुष्य हसला. मला तेच खुपलं. चिडला असता तर आपल्यातला वाटला असता.

आता सुमतीबाई. मराठी शाळेतल्या मास्तरीणबाई, निवृत्त. अर्धी डिचोली त्यांच्या हाताखालून गेलेली, माझा थोरलासुद्धा. यजमान वारलेले, एकुलता मुलगा बोटीवर. वास्कोला बोट लागली की चार दिवस घरी, मग आठ-दहा महिने पत्ता नाही. आईला सोबत म्हणून त्यानं मुंबईहून एक कुत्रा आणून दिला होता. स्कॉटिश टेरियर. कागदावर त्याचं हातभर लांब इंग्रजी नाव होतं. बाईंनी कागद कपाटात ठेवला आणि कुत्र्याला बाबल म्हणायला लागल्या.

बाबल दिसायला म्हणजे बुटका पाटच. पोट जमिनीला टेकेल की काय असं वाटायचं. भुवया ही एवढाल्या, तोंडाला दाढी, चाल एखाद्या निवृत्त मामलेदाराची. सकाळी पाववाला पोदेर आला की दारात जाऊन बसायचा आणि स्वतःचा उंडो, म्हणजे गोल पाव, तोंडात धरून आत न्यायचा. बाई त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलायच्या. "बाबल, आपण आता स्नान करणार आहोत." आणि तो मुकाट बाल्दीजवळ जाऊन उभा राहायचा. माझा थोरला त्यांच्या हाताखाली चार वर्षं शिकला, तो कधी एवढा ऐकत नव्हता.

हा कुत्रा आला तेव्हा डिचोलीत लोटलीकर नव्हते. सुया टोचणं, जंताचं औषध, कानातली घाण, सगळं मीच करायचो. बाईंच्या सोप्यावर माझं बाकडं ठरलेलं होतं, चहा यायचा, वर शंकरपाळी. "विश्रामचा हात हलका," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. शाळेत चौथीत गणितात नापास झालेल्या माणसाला मास्तरीणबाईनं असं म्हणावं म्हणजे काय, हे नापास झालेल्यालाच कळेल.

लोटलीकर आल्याच्या वर्षी चवथीची गोष्ट. शेजारी गणपतीची आरती संपली आणि पोरांनी फटाक्यांची माळ लावली. बाबल भुंकत अंगणात धावला आणि धावता धावता मागचे पाय एकदम ताठ झाले. पाठीला कमान आली, ससा उड्या मारतो तशा दोन उड्या मारल्या आणि कोलमडला. शुद्धीत होता, डोळे उघडे, दुखतंय असंही दिसेना. शेजारीण म्हणाली, "वारें लागलें, घाड्याक हाडा." घाडी म्हणजे आमच्याकडचा देवऋषी. मला बोलावणं आलं. ताठ पाय बघितल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढं व्यालेली गाय उभी राहिली. मी कॅल्शियम भरायला लागलो.

तेवढ्यात लोटलीकर शेजारच्या गणपतीला आलेले, ते कुंपणावरून वाकले.

"विश्राम, रांव. स्कॉटी न्हय तो? ताका तसोच सोड. धा मिण्टांनी बरो जातलो."

आणि दहाव्या मिनिटाला बाबल उठला, अंग झाडलं, प्रसादाच्या ताटाकडं चालू लागला. लोटलीकरांनी बाईंना समजावून सांगितलं, या जातीत हे असतं. फार आनंद झाला, फार उत्तेजित झाला की पाय आखडतात, आपोआप सुटतात, औषध काही नको. बाई त्यांच्याकडं बघत होत्या, वर्गातल्या पहिल्या नंबराकडं बघावं तशा. मी हातात भरलेली सुई घेऊन उभा होतो. सुईचं काय करायचं तेही कळेना.

त्या दिवसापासून लोटलीकरांची खुर्ची आत गेली, जनेलापाशी, म्हणजे खिडकीला. त्यांना चहा कपबशीतून, मला सोप्यावर स्टीलच्या पेल्यातून. पेला आधीही तोच होता म्हणा. पण आधी कपबशी नव्हती ना समोर.

एकदा लोटलीकरांनी बाबलचा तो हातभर लांब कागद मागवून घेतला आणि मेजावर पसरला. मी दारातून डोकावत होतो. त्यांनी मला आत बोलावलं. "पळय विश्राम, हांगा आनी हांगा." त्यांनी दोन ठिकाणी बोट ठेवलं. बापाकडच्या रांगेत आणि आईकडच्या रांगेत आजा म्हणून एकाच कुत्र्याचं नाव होतं. मला लगेच कळलं. आमच्या धंद्यातली पहिली बाराखडी ती. गावाचा वळू दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर तो आपल्याच कालवडींवर जातो आणि वासरं रोडकी, आंधळी, कसलीही निपजतात. अडाणी शेतकऱ्यालाही हे ठाऊक असतं. आणि हे शिकले-सवरलेले लोक नुसत्या रूपासाठी, दाढी आणि भुवया तशाच याव्यात म्हणून, घरातल्या घरात जुळवत बसतात! मी तसं म्हणालो तर लोटलीकर खुशीत हसले. "तेंच तर!" मग बाईंना म्हणाले, "बाय, ही जात चड करून इकरा-बारा वर्सां जगता. आनी एक खूण मनांत दवरात. मूत तांबडें दिसलें जाल्यार त्याच दिसा म्हाका सांगात." या जातीला मूत्राशयाचा कॅन्सर फार, इतर कुत्र्यांच्या मानानं कितीतरी जास्त, असं त्यांनी सांगितलं. लवकर सापडला तर मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात गाठ काढता येते, थोडे महिने मिळतात, कधी वर्षही मिळतं.

 बाबल तेव्हा आठाच्या घरात होता. बाईंनी बोटांवर आठपासून अकरा-बारापर्यंत मोजलं. मुलाची बोटीवरची नोकरी अजून तीन वर्षं होती, मग तो कायमचा घरी येणार होता. "तोवर पुरेल ना हो हा?" त्यांनी विचारलं. मला विचारलं नाही, लोटलीकरांना विचारलं.

आता लाल मुताबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडं गाईला लाल मूत झालं की शंभरातल्या नव्वद जणांच्या तोंडात एकच नाव, गोचिडीचा ताप. गोचिड चावते, रक्तात किडे सोडते, रक्त आतल्या आत फुटतं आणि त्याचा रंग मुतात उतरतो. त्याला एक पिवळं इंजेक्शन आहे. वेळेवर दिलं तर जनावर दोन दिवसांत चरायला लागतं. पण लाल मूत दुसऱ्याही कारणानं होतं, आत कुठं जखम असली, गाठ असली की. तेव्हा जे येतं ते खरं रक्त. दोन्हींतला फरक ओळखायची सोपी रीत आहे, मला माझ्या पहिल्या साहेबानं शिकवलेली. मूत काचेच्या बाटलीत घ्यायचं आणि तासभर हलवायचं नाही. गोचिडीचा ताप असेल तर बाटली वरपासून खालपर्यंत कोकमाच्या सरबतासारखी एकरंगी राहते. खरं रक्त असेल तर लाल गाळ तळाशी बसतो आणि वर मूत पिवळं मोकळं होतं. यंत्र नको, पदवी नको, डोळे असले की झालं.

दुसऱ्या वर्षी दिवाळी होऊन गेली आणि भाषेचं आंदोलन पेटलं. राजभाषा कोकणी की मराठी, यावर घराघरांत भांडणं. आमच्या डिचोली-पेडण्यात मराठीचा जोर, तिकडं मडगावकडं कोकणीचा. आज रस्त्यावर झाड आडवं, उद्या बस बंद. बाई मराठीच्या मोर्चात पुढं चालायच्या, पांढरं पातळ नेसून, आणि बाबल दोरीला.

अशातल्या एका सकाळी त्या दवाखान्यात आल्या. मोर्चाचं तेज-बीज काही नव्हतं तोंडावर. पिशवीतून त्यांनी सरबताची बाटली काढली, आत बोटभर लाल मूत.

"डॉक्टर कुठे आहेत?"

"पेडण्याला. लसीकरणाचा कॅम्प आहे, चार दिवस तिकडेच."

"आल्याबरोबर ही दाखव त्यांना. त्यांनी सांगितलं होतं, त्याच दिवशी सांगा म्हणून. विश्राम, विसरू नकोस हं."

मी बाटली जनेलात ठेवली. माणसं आली, एक बकरं आलं, एक पाय मोडलेला पाडा आला. जेवायच्या वेळेस जनेलाकडं बघितलं. वर पिवळं मोकळं पाणी आणि तळाशी लाल गाळ, पातळ साय धरावी तसा.

मला कळलं. इथं मी खोटं बोलणार नाही, मला त्याच क्षणी कळलं. दवाखान्यापासून पोस्ट कितीसं लांब, पेडण्याच्या दवाखान्यात फोन लावता आला असता. पण माझ्या मनात त्या वेळी काय आलं सांगू? बाबल नाही आला, बाई नाही आल्या. आला तो लोटलीकर. तो येणार, ही बाटली बघणार, म्हणणार बघा बाय, मी सांगितलंच होतं. बाई त्याच्याकडं तशा बघणार. कपबशीतून चहा येणार, आणि मी पुन्हा सोप्यावर! मी उठलो, बाटली घेतली, मागच्या मोरीत ओतली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं.

संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. बाबलच्या कानात बघितलं, मानेखाली चाचपलं. कुत्र्याच्या अंगावर एखादी गोचिड सापडायचीच, सापडली. ती चिमटीत धरून बाईंना दाखवली.

"ही बघा. गोचिडीचा ताप आहे. आमच्याकडं गुरांना सर्रास होतो."

"पण डॉक्टर तर म्हणाले होते..."

"बाई," मी म्हणालो, आणि हे वाक्य मला आजही पाठ आहे, "ते मडगावचे. पुस्तकातली कुत्री बघितलेली माणसं. आपल्या मुलखातली गोचिड त्यांना काय ठाऊक? आणि खरं सांगू, त्या लोकांना आपलं काहीच खरं वाटत नाही. ना आपली भाषा, ना आपलं औषध."

 आदल्याच दिवशी मोर्चावर दगड पडले होते, एक बाईंच्या पायाशी. नेमका घाव बरोबर लागला. एरवी असल्या बोलण्याला त्यांनी मला कान धरून उठवला असता. त्या दिवशी म्हणाल्या, "दे."

मी पिवळं इंजेक्शन वासराच्या मापावरून मोजून दिलं, वर सूज उतरायचं एक दिलं. आणि दैव बघा, दुसऱ्या दिवशी मूत पिवळं. तिसऱ्या दिवशी बाबल उंडो खाऊन मांजरामागं धावला. गाठीचं रक्त असंच असतं, कधी येतं, कधी थांबतं. सूज उतरली की चार दिवस बरंही वाटतं. पण बाईंनी साऱ्या आळीला सांगितलं, "विश्रामने वाचवला." मला आत बोलावलं, जनेलापाशी बसवलं. चहा कपबशीतून आला. इतका गोड चहा मी जन्मात प्यालो नाही. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. मिश्या पुसत घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, बघितलंस, शेवटी अनुभव तो अनुभव.

लोटलीकर कॅम्पवरून आले, लाल मुताचं ऐकलं आणि थेट बाईंकडं गेले. त्यांनी मुंबईची चिठ्ठी लिहिली, ओळखीच्याची जीपसुद्धा ठरवली, पहाटे निघायचं म्हणून. मग दवाखान्यात येऊन मला विचारलं, "विश्राम, तें मूत तुवें पळयिल्लें?"

"होय."

"तळाक कितें बसलें?"

"कायच ना. एकसारखं लाल होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. मला लाख मत्सर वाटो, त्यांना माझ्याबद्दल तसलं काही नव्हतं. म्हशीच्या बाबतीत मी सांगेन ते ते डोळे मिटून मानायचे. "बरें," म्हणाले, "तरी पूण एक फावट मुंबय..." पण बाबल अंगणात उड्या मारत होता, रस्त्यावर झाडं आडवी पडत होती, आणि बाईंनी सांगितलं, नको, विश्रामचं औषध लागू पडलंय. जीप परत गेली.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मध्ये दोनदा मूत लाल झालं. दोन्ही वेळा बाईंनी मला बोलावलं, लोटलीकरांना नाही. दोन्ही वेळा मी सुई मारली.  आता मागं कसा फिरणार? मागं फिरायचं तर बाटलीपर्यंत फिरावं लागणार. बाबल वाळत चालला होता. मुतायला दहा-दहा वेळा पाय वर करायचा आणि चार थेंब गळायचे. पोदेराचा भोंगा वाजला तरी जागचा हलेना. माझ्या घरी मला जेवण जाईना. बायको म्हणाली, "कोणाच्या माडाक आता जास्त नारळ लागले?" मी ताटावरून उठलो.

शेवटी मीच लोटलीकरांना म्हणालो, एकदा तुम्ही बघा. तेवढंच काय ते बरं काम माझ्या हातून झालं, तेही उशिरा. त्यांनी बाबलला मेजावर घेतलं, पोटाखाली दोन बोटं घालून चाचपलं आणि तिथंच थांबले. माझा हात धरून त्या जागी नेला. लिंबाएवढी गाठ, कठीण.

बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "पण डॉक्टर, त्या बाटलीत कळलं नसतं का हो? मी आणली तेव्हा वाटेतच खाली लाल बसायला लागलं होतं. मला वाटलं तसंच असतं."

लोटलीकरांनी मान वर केली नाही. त्यांची बोटं बाबलच्या पोटावर होती तशीच राहिली. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत होतो.  मग त्यांनी बाबलला उचलून खाली ठेवलं, हात धुतले, साबांव जागेवर ठेवला. त्या दिवशी आणि पुढचे सहा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. शिवी दिली असती तर मी पाय धरले असते. शिवी दिली नाही.

आता गाठ काढण्यापलीकडं गेली होती. राजभाषेचा कायदा झाला त्या आठवड्यात बाबलचं मूत पूर्ण बंद पडलं. नळी घालून बघितली, नळी जाईना. पोट फुगून टणक झालं. कुत्रा विव्हळत नव्हता, ही जात तशी हट्टी. नुसता दाढीवरून लाळ गाळत बाईंच्या पायाशी पडून होता. लोटलीकर म्हणाले, आता त्याला सोडवणं एवढंच हातात आहे.

बाईंनी मुलाला तार करू का असं विचारलं आणि स्वतःच म्हणाल्या, नको, तो समुद्रावर काय करणार. मग बाबलला मांडीवर घेतलं, त्याच्या भुवया सारख्या केल्या.

"विश्रामला देऊ दे सुई," त्या म्हणाल्या. "त्याचा हात हलका आहे. डॉक्टर, तुम्ही रागावू नका हं. बाबलला त्याची सवय आहे."

लोटलीकरांनी औषध भरलं. सिरिंज माझ्या हातात दिली. दीड वर्ष मी ज्यासाठी जळत होतो ते हेच होतं, डॉक्टर समोर असताना बाईंनी मला निवडावं! मी बाबलच्या पुढच्या पायाचे केस बाजूला केले, शीर शोधली. त्यानं माझा हात चाटला. सवय होती ना. शीर पहिल्याच टोचण्याला सापडली, माझी कधी चुकत नाही. अर्धी सुई रिकामी होईपर्यंत त्याचं डोकं बाईंच्या मनगटावर टेकलं होतं.

 मग बाईंनी डोळे पुसले आणि लोटलीकरांकडं वळल्या. वर्गात उत्तर मागायच्या तशाच सरळ आवाजात त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, मला खरं सांगा. त्या दिवशी जीप परत धाडली नसती, तेव्हाच मुंबईला नेला असता, तर वाचला असता का हो? मी चुकले का?"

मी अजून बाबलचा पाय हातात धरून होतो. म्हटलं, आता. आता हा सांगणार, आणि सांगायलाच हवं.

"ना बाय," लोटलीकर म्हणाले. "आदीं व्हेलो आसलो जाल्यार लेगीत कांय जावपाचें नाशिल्लें. तुमी कांयच चुकूंक नात." आणि माझ्याकडं न बघता पुढं म्हणाले, "विश्रामानूय जातलें तें केलें." म्हणजे आधी नेऊनही उपयोग नव्हता, आणि मीही जमेल ते सगळं केलं होतं.

बाईंनी मान हलवली. त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, ते मी बघितलं. मागच्या परसात आंब्याखाली आम्ही दोघांनी खड्डा खणला. पिकाव माझ्या हातात, फावडं त्यांच्या. माती ओढून झाल्यावर मला राहवेना.

"डॉक्टर, खोटं कित्याक सांगलंत?"

त्यांनी फावड्याची माती पायानं काढली.

"तिका न्हीद येवंक जाय," ते म्हणाले. "तुका नाका." तिला झोप लागायला हवी, मला नको.

त्याच वर्षी मे अखेरीस गोवा राज्य झालं, पुढं लोटलीकरांची बदली झाली. बाई आणखी नऊ वर्षं जगल्या, दुसरा कुत्रा त्यांनी ठेवला नाही. मुलगा परत आला तेव्हा माझ्याकडं बोट दाखवून त्याला म्हणाल्या, याने शेवटपर्यंत केलं हो बाबलचं. मी कपबशीतून चहा प्यालो आणि काही बोललो नाही. आज बाईंच्या पाठीमागं लिहून टाकतोय, यातही शौर्य काही नाही. बाई असताना लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी.

लोटलीकरांची ती पुस्तकं, कपबशी, खुर्ची, यांचा मत्सर केव्हाच गेला. मी निवृत्त झालो, तेही झाले असतील. पण परसात उभा राहून तो माणूस जे बोलला, आणि त्याआधी आत बाईंसमोर जे बोलला नाही, ते मला जमलं असतं का, असा विचार मी अजून करतो. नसतं जमलं. मी त्याच्या जागी असतो तर बाटलीची गोष्ट साऱ्या डिचोलीला सांगितली असती. म्हणून सांगतो, मी अजून त्याच्यावर जळतो.